कर्करोगाच्या उपचारांत मनावरची औषधे : रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

उलटी होऊ नये म्हणून दिलेली गोळी मोबाइलवर शोधली, तर ती स्किझोफ्रेनियाची निघाली. डॉक्टरांची काही चूक झाली आहे का?

चूक झालेली नाही. ती गोळी बहुधा ओलान्झापिन असेल. तिला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली ती मनोविकारासाठीच, आणि आजही ती त्यासाठी वापरली जाते. मात्र मेंदूतील डोपामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या ज्या संदेशांना हे औषध अडवते, त्यांपैकी काही संदेश मळमळ आणि उलटीशीही संबंधित असतात. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीव्र उलट्या करवणारी किमोथेरपी घेणाऱ्या ३८० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तीन औषधांबरोबर ओलान्झापिन आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. पहिल्या चोवीस तासांत अजिबात मळमळ न झालेल्यांचे प्रमाण ओलान्झापिनच्या गटात ७४ टक्के, तर दुसऱ्या गटात ४५ टक्के होते.

त्या अभ्यासातील मात्रा १० मिलिग्रॅमची होती आणि तिने काही रुग्णांना, विशेषतः दुसऱ्या दिवशी, पेंग येत असे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ २.५ मिलिग्रॅमची मात्रा उलटी रोखण्यात १० मिलिग्रॅमच्या तुलनेत कमी पडली नाही आणि झोपाळूपणा बराच कमी आढळला. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत याच २.५ मिलिग्रॅम मात्रेने किमो घेणाऱ्या रुग्णांची भूक आणि वजन सुधारल्याचे २०२३ साली दाखवून दिले गेले. म्हणजे एकच गोळी एका रुग्णाला भास होतात म्हणून, दुसऱ्याला उलटीसाठी आणि तिसऱ्याला जेवण जावे म्हणून दिलेली असू शकते. चिठ्ठी लिहितानाच दोन वाक्यांत हे सांगितले, तर नातेवाइकांची एक रात्र तरी काळजीत जाणार नाही.

कर्करोग झाल्यावर माणूस उदास होणारच. त्यासाठी औषध कशाला?

दुःख होणे साहजिक आहे आणि प्रत्येक दुःखावर गोळी देऊ नये, हे म्हणणे बरोबरच आहे. निदान समजल्यानंतरचे काही दिवस रडू येणे, झोप न लागणे, कोणाशी बोलावेसे न वाटणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते आणि माणसांच्या सोबतीने ते हळूहळू ओसरते. परंतु रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण सहापैकी एकाला वैद्यकीय अर्थाने नैराश्य असते, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे. अशा रुग्णाचे दुःख ओसरत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी आनंद वाटत नाही, ‘मी सगळ्यांना भार झालो’ हा विचार सुटत नाही, आणि पुढच्या किमोची तारीख चुकवली जाते.

निदान करताना एक अडचण येते. भूक मंदावणे, वजन घटणे, थकवा आणि निद्रानाश ही नैराश्याची लक्षणे आहेत, तशीच ती कर्करोगाची आणि किमोचीही आहेत. म्हणून अनुभवी डॉक्टर शरीराच्या लक्षणांपेक्षा आनंद हरवणे, अपराधी वाटणे, आशा संपणे आणि मरणाचे विचार येणे यांकडे अधिक लक्ष देतात.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी काय तपासायला हवे?

मनाचे वाटणारे कारण कित्येकदा शरीरात किंवा दुसऱ्याच एखाद्या औषधात असते. न शमलेली वेदना हे त्यातले सर्वांत मोठे कारण आहे. रात्रभर हाड दुखत असलेल्या माणसाला झोपेची गोळी देणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून रुग्णाला गप्प करणे होय. मानेवरील रेडिएशननंतर थायरॉइड मंदावते, हाडांत पसरलेल्या कर्करोगात रक्तातील कॅल्शियम वाढते, रक्त कमी होते, आणि या प्रत्येक स्थितीत माणूस सुस्त व उदास दिसतो.

किमोबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळे दोन-तीन रात्री टक्क जागे राहणे, चिडचिड होणे, क्वचित भ्रम किंवा अवाजवी उत्साह वाटणे हे घडते. दिवसाची मात्रा सकाळीच घेतल्याने पुष्कळांची झोप परत येते. उलटीसाठीच्या मेटोक्लोप्रामाइडने काहींना आतून अशी अस्वस्थता येते की एका जागी बसवत नाही. घरचे त्याला ‘टेन्शन’ म्हणतात आणि त्यावर आणखी एक गोळी सुरू होते, जेव्हा खरे तर आधीची गोळी बदलायला हवी असते.

नैराश्याच्या औषधांचा गुण किती दिवसांत येतो?

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचा खरा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला सहा आठवडेही लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो. मळमळ होते, पोट बिघडते, थोडी बेचैनी वाटते. किमोने आधीच मळमळत असलेल्या रुग्णाला हा क्रम फार उलटा वाटतो आणि ‘हिने तर अधिकच बिघडले’ म्हणून पाचव्या दिवशी गोळी बंद केली जाते. म्हणूनच कर्करोगाच्या रुग्णांत ही औषधे नेहमीच्या निम्म्या मात्रेने सुरू करून सावकाश वाढवण्याची पद्धत आहे.

कोणते औषध निवडायचे हे पुष्कळदा जोडीच्या तक्रारीवर ठरते. झोप नाही आणि मळमळही आहे, तर रात्री मिर्टाझापिन. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिन या किमोच्या औषधांनी हातापायांत वेदनादायक मुंग्या येत असतील तर ड्युलोक्सेटिन. या दुखण्यावर ते उपयोगी पडते, हे २०१३ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले होते. संप्रेरकविरोधी उपचारांमुळे अंगातून गरम वाफा येत असतील तर व्हेन्लाफॅक्सिन, आणि हे शेवटचे औषध नैराश्य मुळीच नसलेल्या स्त्रियांनाही केवळ त्या वाफांसाठी दिले जाते.

माझी बहीण स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेते. तिला नैराश्याची कोणतीही गोळी चालेल का?

कोणतीही चालणार नाही, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कदाचित हाच आहे.

टॅमॉक्सिफेन पोटात जाते तेव्हा ते पुरते कार्यक्षम नसते. यकृतातील सीवायपी २डी६ नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे एन्डॉक्सिफेनमध्ये रूपांतर करते आणि कर्करोगाच्या पेशींवरील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा (हार्मोनचा) परिणाम रोखण्याचे बरेचसे काम हे एन्डॉक्सिफेन करते. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि बुप्रोपिऑन ही औषधे नेमके हेच विकर जोरात अडवतात. बुप्रोपिऑन तर तंबाखू सोडवण्यासाठीही दिले जात असल्यामुळे ते या अडवणाऱ्या औषधांत मोडते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. परिणामी स्त्री रोज नेमाने टॅमॉक्सिफेन घेत असते, पण रक्तात एन्डॉक्सिफेन पुरेसे तयार होत नाही, आणि बाहेरून हे कळण्याची कसलीही सोय नसते.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिनच्या गटातील एखादे नैराश्याचे औषध घेतलेल्या २४३० स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टॅमॉक्सिफेन आणि पॅरॉक्सेटिन एकत्र घेण्याचा काळ जितका अधिक, तितका स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका अधिक, असे त्यात आढळले. नंतरच्या सर्वच अभ्यासांत इतका स्पष्ट संबंध दिसलेला नाही, त्यामुळे ही जोडी आजवर घेतलेल्यांनी हादरून जाण्याचे कारण नाही. पण व्हेन्लाफॅक्सिन, एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम यांसारखे, त्या विकराला फारसे न छेडणारे पर्याय सहज मिळत असताना ही जोखीम पत्करण्यात काही अर्थ नाही. सर्ट्रालिन कमी मात्रेत सहसा चालते, ड्युलोक्सेटिनबाबत थोडी सावधगिरी बाळगतात. टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्या स्त्रियांना ही विशिष्ट अडचण येत नाही, कारण ती औषधे या वाटेने जात नाहीत.

बहिणीची गोळी बदलायची वेळ आली, तर स्वतःहून एकदम बंद करू नका. पॅरॉक्सेटिन अचानक थांबवले की चक्कर, चिडचिड आणि अंगात विजेचे झटके आल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. मानसोपचारतज्ज्ञ एक औषध उतरवत दुसरे चढवतात.

इतर कोणत्या जोड्यांबाबत सावध राहावे?

वेदनेसाठी ट्रामाडॉल आपल्याकडे सर्रास दिले जाते. नैराश्याच्या बहुतेक औषधांबरोबर ते घेतल्यास फिट येण्याचा धोका वाढतो आणि क्वचित शरीरात सेरोटोनिन बेसुमार वाढून थरथर, घाम, ताप, स्नायू ताठरणे व गोंधळलेपण अशी गंभीर अवस्था उद्भवते. लिनेझोलिड या प्रतिजैविकाबरोबरही हेच घडू शकते. किमोमध्ये पांढऱ्या पेशी घटून संसर्ग झाल्यावर ते सुरू होते आणि त्या धावपळीत नैराश्याच्या गोळीची आठवण कोणालाच राहत नाही.

उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन, मनोविकारावरचे हॅलोपेरिडॉल, आणि नैराश्यावरची सिटालोप्राम व एस्सिटालोप्राम ही सर्व औषधे हृदयाच्या ठोक्याचा क्यूटी नावाचा काळ लांबवतात. त्यातली दोन-तीन एकत्र आली आणि उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलेले असले, तर ईसीजी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात दिले जाणारे आर्सेनिक ट्रायऑक्साइड हेही याच गटातले असल्याने तेथे विशेष काळजी घेतात.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामच्या गटातील औषधांमुळे प्लेटलेटचे काम काहीसे मंदावते. प्लेटलेट फारच कमी असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर मिर्टाझापिनसारखा पर्याय बरा. याच गटामुळे वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम उतरते. फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगात आणि व्हिन्क्रिस्टिन किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही किमोची औषधे घेताना ते आधीच उतरण्याची शक्यता असते, म्हणून औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सोडियम तपासून घेतात.

हे सर्व वाचून घाबरण्यापेक्षा एक साधी गोष्ट करावी. रुग्णाच्या जाड फाईलच्या अगदी पहिल्या पानावर, सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ एका कागदावर लिहून ठेवावी. झोपेची गोळी, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी, चूर्ण आणि काढेसुद्धा त्यात यावेत. वर सांगितलेल्या बहुतेक घातक जोड्या जुळतात त्या कर्करोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे एकमेकांच्या चिठ्ठ्या पोहोचत नाहीत म्हणून.

झोपेच्या गोळ्यांची सवय लागेल का?

लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांची सवय लागते, हे खरे आहे. एमआरआयच्या यंत्रात जाण्याआधीची भीती, किमोच्या आदल्या रात्री नुसत्या आठवणीने येणारी उलटी, निदानानंतरचे पहिले काही दिवस अशा थोड्या काळासाठी ती फार उपयोगी पडतात. तीच गोळी महिनोन्महिने रोज घेतली, तर मात्रा वाढत जाते, वृद्ध रुग्ण रात्री लघवीला उठताना पडतात आणि विसरभोळेपणा येतो. मॉर्फिन किंवा त्या जातीच्या औषधांबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. ही जोडी पूर्णपणे निषिद्ध नाही, पण ती डॉक्टरांनी जाणूनबुजून आणि कमी मात्रेत दिलेली असावी. शेजाऱ्यांच्या डब्यातून आणलेली नसावी.

नैराश्याच्या औषधांची अशी ओढ लागत नाही. आणि आजार फार पुढे गेलेला असेल, हातात आठवडे उरलेले असतील, तेव्हा सवयीची चिंता करून रुग्णाला जागे ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

आधीपासून मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर किमोसाठी ती थांबवायची का?

सहसा नाही. औषधे बंद करून आजार उलटला तर कर्करोगाचे उपचारच अर्धवट राहतात. परंतु तीन औषधांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध मूत्रपिंडाला इजा करू शकते आणि उलट्यांनी शरीरातले पाणी घटते, त्यामुळे रक्तातील लिथियमची पातळी विषारी होऊ शकते. क्लोझापिन पांढऱ्या पेशी घटवू शकते आणि किमोही तेच करते, म्हणून दोन्ही तज्ज्ञांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा लागतो. कार्बामाझेपिन यकृतातील विकरे इतकी चेतवते की इमॅटिनिबसारखी कर्करोगाची औषधे शरीरातून लवकर निघून जातात आणि त्यांचा प्रभाव घटतो.

वडिलांना कर्करोग असल्याचे आम्ही सांगितलेले नाही. ही गोळी ‘शक्तीची’ म्हणून दिली तर चालेल का?

आपल्याकडे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि त्यामागे प्रेमच असते. तरीही उत्तर नाही असेच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार, ज्या व्यक्तीला उपचाराची माहिती समजते आणि जी आपला निर्णय कळवू शकते, तिला स्वतःच्या मानसिक उपचाराबद्दल ठरवण्याचा अधिकार आहे. आमटीत गोळी विरघळवणे या अधिकाराच्या आड येते.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारातही हे टिकत नाही. तोंड कोरडे पडले, झोप आली की वडील त्या ‘शक्तीच्या’ गोळीला नावे ठेवून ती सोडून देतात. शिवाय त्यांची घालमेल पुष्कळदा त्याच लपवालपवीतून आलेली असते. किमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवर कोण आहे हे त्यांना दिसत असते, आणि तुम्ही रडू नये म्हणून ते विचारत नाहीत. अशा भीतीला कोणतीही गोळी पुरी पडत नाही. सगळे एका दमात सांगायला हवे असे नाही. ‘बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?’ असे डॉक्टरांनी विचारले आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे पुढे गेले, तर गोळीबद्दलही खरे बोलता येते. ‘याने मन थोडे हलके होईल आणि झोप लागेल’ हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही.

आई दोन दिवसांपासून असंबद्ध बडबडते, माणसे ओळखत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना बोलवावे का?

आधी तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, आणि तेही आजच. ज्याला आपण वातात बडबडणे म्हणतो ती भ्रमावस्था असते. ती तास-दोन तासांत कमी-जास्त होते, रात्री वाढते, आणि तिच्या मुळाशी बहुधा शारीरिक बिघाड असतो. संसर्ग, सोडियम किंवा कॅल्शियमचा बिघाड, मॉर्फिनची वाढलेली मात्रा, स्टेरॉइड, प्राणवायूची कमतरता, मेंदूत पसरलेला कर्करोग, आणि कित्येकदा नुसती तुंबलेली लघवी किंवा आठवड्याचे बद्धकोष्ठ. कारण दूर झाले की पुष्कळ रुग्ण पूर्वपदावर येतात.

या अवस्थेत हॅलोपेरिडॉलसारखी औषधे वर्षानुवर्षे दिली जात आहेत. मात्र उपशामक सेवेतील (त्रास कमी करण्यासाठीच्या, पॅलिएटिव्ह उपचारांतील) रुग्णांवरील एका ऑस्ट्रेलियन चाचणीत २०१७ साली असे दिसले की सौम्य ते मध्यम भ्रमावस्थेत हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन घेतलेल्यांची लक्षणे निष्क्रिय औषध घेतलेल्यांपेक्षा अधिक राहिली. म्हणून आता ही औषधे मुख्यतः रुग्ण फार भेदरलेला असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तेव्हा, कमी मात्रेत व थोडे दिवस वापरणे इष्ट मानतात. चष्मा आणि श्रवणयंत्र लावणे, खोलीत दिवसा उजेड व रात्री मंद दिवा ठेवणे, घड्याळ समोर टांगणे आणि एकाच ओळखीच्या माणसाने जवळ बसणे याने पुष्कळ काम होते.

या अवस्थेचा एक शांत प्रकारही असतो. रुग्ण बडबडत नाही, डोळे मिटून पडून राहतो, विचारलेल्याचे उशिरा उत्तर देतो. घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही ते नैराश्य वाटते आणि चुकीची गोळी सुरू होते. काल-परवापर्यंत नीट बोलणारे माणूस अचानक असे झाले असेल, तर नैराश्याआधी भ्रमावस्थेचा विचार करावा.

या औषधांनी कर्करोग वाढतो किंवा बरा होतो का?

नैराश्याच्या औषधांनी कर्करोग वाढतो असे सिद्ध झालेले नाही. त्यांनी आयुष्य वाढते असेही खात्रीने म्हणता येत नाही. त्यांचा लाभ जगण्याच्या प्रतीत आणि उपचार पुरे करण्यात दिसतो. रिस्पेरिडोनसारखी काही मनोविकारविरोधी औषधे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवतात, त्यामुळे स्तनाच्या कर्करोगात ती निवडताना डॉक्टर इतर पर्यायांचा विचार करतात.

रुग्ण ‘आता सुटका व्हावी’ असे म्हणतो. काय करावे?

‘असे बोलू नये’ म्हणून विषय बंद करू नका. शांतपणे विचारा की मरण यावे असे वाटते, की स्वतःचे काही करून घेण्याचा विचार मनात येतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पहिल्यामागे बहुधा असह्य वेदना, थकवा किंवा खर्चाची चिंता असते आणि ती डॉक्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे. दुसरे उत्तर आले, तर रुग्णाला एकटे ठेवू नये, गोळ्यांचा सारा साठा, विशेषतः मॉर्फिन आणि झोपेच्या गोळ्या, घरातल्या एका माणसाच्या ताब्यात कुलपात ठेवावा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा जवळच्या रुग्णालयाला गाठावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नसेल तेव्हाही हाच क्रमांक, किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, हा पहिला आधार असू शकतो.

औषध केव्हा थांबवायचे?

बरे वाटू लागल्याच्या दिवशी नाही. मन सावरल्यानंतर साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ तीच मात्रा चालू ठेवतात. कर्करोगाचे उपचार संपताना ती काढण्याची घाई करू नये, कारण शेवटची किमो झाल्यावर, रुग्णालयाची ये-जा थांबल्यावर आणि सगळे ‘आता सुटलात’ म्हणू लागल्यावर, दर तपासणीआधी उचल खाणारी भीती बऱ्याच जणांना प्रथमच जाणवते. उतरवायची तेव्हा काही आठवड्यांत थोडी थोडी उतरवावी, आणि व्हेन्लाफॅक्सिन व पॅरॉक्सेटिन तर आणखी सावकाश. तोंडात फोड येऊन किंवा गिळता येत नसल्यामुळे गोळ्या सुटत असतील, तर तो दिवस वाया जाऊ न देता डॉक्टरांना कळवावे. काही औषधे तोंडात विरघळणाऱ्या गोळीच्या किंवा पातळ औषधाच्या रूपातही मिळतात.